मुरादेवी, मुद्रा आणि आनेकलची वाट

मराठी वाचकांस मुरादेवीची ओळख नव्याने करून देण्याचे कारण नाही. कै. हरि नारायण आपटे यांची 'चंद्रगुप्त' ही कादंबरी विसाव्या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत त्यांच्या 'करमणूक' पत्रातून वाचकांपुढे आली, आणि तेव्हापासून या राणीने मराठी मनात जे ठाण मांडले ते अद्याप सोडलेले नाही. किरातराजाची कन्या पाटलिपुत्राच्या अंतःपुरात येते. राजाची मर्जी तिच्यावर जडलेली इतरांस साहवत नाही, तिच्या कुळाविषयी कुजबूज उठविली जाते, आणि ती वृषली ठरून तिच्या तान्ह्या पुत्राचा घात करण्याची आज्ञा सुटते. पुढे सूडाच्या आगीत जळणारी ती स्त्री, तिच्या भोवती वावरणाऱ्या दासी, गुप्त खलबते, आणि या आगीवर आपली पोळी भाजून घेणारा चाणक्य! भुयारे आणि विषप्रयोग यांच्या जोरावर वाचकास रात्रभर जागविणाऱ्या कादंबऱ्या पुढे पुष्कळ झाल्या. पण ऐन घटकेस जिचे मन पतीच्या मायेने डळमळते, अशी सूडकरी राणी हरिभाऊंनीच आम्हांस दिली. रहस्य आणि करुणा यांची अशी सांगड त्यानंतर फारशी कोणास साधली नाही, असे आमचे मत आहे.

नोकरीनिमित्त दूर प्रांती राहणाऱ्या मंडळींच्या बैठकीत अशा कादंबरीचा विषय निघाला, की कोणीतरी एक प्रश्न हमखास टाकतो: "पण ही मुरा खरोखर होती काय?" या प्रश्नाचे उत्तर शोधीत आम्ही जसजसे मागे गेलो, तसतसे पाटलिपुत्र दूर राहिले आणि वाट दक्षिणेकडे वळली, ती तंजावरास पोचली आणि तेथून, कोणास खरे वाटणार नाही, बंगळुराजवळच्या आनेकल या गावाशी येऊन थांबली. हा वळसा कसा पडला तेच येथे सांगावयाचे आहे.

प्रथम मूळ नाटक पाहू. विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षसा'त अंक सात आहेत आणि राणी एकही नाही. कथेत स्थान असलेली स्त्री म्हणावी तर एकच, ती शेवटच्या अंकात वधस्थानाकडे नेल्या जाणाऱ्या चंदनदासाची पत्नी. बाकी द्वारपालिका येतात आणि निरोप सांगून जातात. शृंगारावाचून संस्कृत नाटक उभे राहत नाही असे मानणाऱ्यांनी हे नाटक अवश्य वाचावे. त्यात चाणक्य आपल्या शिष्यास 'वृषल' या शब्दाने हाक मारतो, आणि तीही लाडाने. वृषल म्हणजे शूद्र, हा कोशातला अर्थ. परंतु वैदिक संस्कार सोडलेल्या क्षत्रियांसही मनुस्मृती वृषलत्वास गेलेले म्हणते, हे विसरून चालणार नाही. चंद्रगुप्ताच्या आईचे नाव नाटकात कोठेही येत नाही.

पुराणांकडे वळले तर आणखी एक गंमत दिसते. विष्णुपुराण शूद्र स्त्रीच्या पोटी जन्मल्याचा डाग लावते तो महापद्म नंदास, चंद्रगुप्तास नव्हे. नंदांचा उच्छेद करून कौटिल्य चंद्रगुप्तास अभिषेक करील, एवढेच पुराण सांगते आणि पुढे जाते. टीकाकारास मात्र एवढ्यावर समाधान वाटले नाही. 'मौर्य' हे नाव आले कोठून, हे सांगणे त्याचे कर्तव्य होते. तेव्हा नंदाची मुरा नावाची दुसरी पत्नी होती आणि चंद्रगुप्त हा तिचा पुत्र, असे त्याने लिहून टाकले. आता पाणिनी ज्यांनी थोडासा चाळला आहे त्यांस येथेच ठेच लागेल. विनतेचा पुत्र वैनतेय, राधेचा राधेय, गंगेचा गांगेय. तसा मुरेचा पुत्र झाला तर तो 'मौरेय' व्हावयास हवा. 'मौर्य' हे रूप साधण्यास मुर नावाचा पुरुष लागतो. म्हणजे ज्या व्याकरणाच्या सोयीसाठी ही राणी जन्मास घातली, ते व्याकरणदेखील तिच्या बाजूने साक्ष देत नाही!

बौद्ध आणि जैन या दोन्ही परंपरांनी मुरेचे नाव घेतलेले नाही. सिंहलद्वीपातील 'महावंस' चंद्रगुप्तास मोरिय नावाच्या क्षत्रिय कुळातला म्हणतो. आणि बुद्धाच्या चितेतील अंगार मागून नेणाऱ्या पिप्फलिवनाच्या मोरियांचा उल्लेख 'महापरिनिब्बान सुत्ता'त येतो, तो या कथांहून पुष्कळ जुना. हेमचंद्राच्या 'परिशिष्टपर्वा'त चंद्रगुप्ताची आई ही मोर पाळणाऱ्यांच्या गावच्या मुख्याची कन्या. तिला चंद्र पिण्याचे डोहाळे लागतात. चाणक्य एक मांडव घालवितो, त्याला वर भोक ठेवतो, खाली भांड्यात पडलेले पौर्णिमेचे बिंब तिच्या ओठी लावतो, आणि वर बसविलेला माणूस ते भोक हळूहळू झाकीत जातो. पोटचे मूल आपल्यास द्यावे, ही त्याची अट असते. कथा म्हणून आम्हांस ही मुरेच्या कथेहूनही सरस वाटते. परंतु तीत राजवाडा नाही, सवत नाही, अपमान नाही, म्हणून कादंबरीकारांस ती फारशी मानवली नसावी. रोमन इतिहासकार जस्टिन हाही चंद्रगुप्त सामान्य कुळात जन्मला एवढेच सांगतो.

मग दोन राण्या, सवतीमत्सर, राजवाडा हा सारा संसार मुरेभोवती कोणी उभा केला? तो केला 'मुद्राराक्षसा'चा टीकाकार ढुंढिराज याने, आणि केला तो तंजावरास, इसवी सन १७१३ मध्ये. म्हणजे चंद्रगुप्तानंतर दोन हजार वर्षांनी! तंजावरच्या गादीवर त्या वेळी पहिले सरफोजी भोसले होते, आणि तेथील त्र्यंबक नावाच्या दरबारी विद्वानाच्या आश्रयाने ही टीका झाली. नाटक कळण्यास पूर्वपीठिका हवी, म्हणून ढुंढिराजाने आरंभी एक सविस्तर उपोद्घात जोडला. त्यात सर्वार्थसिद्धी नावाच्या नंदराजास दोन राण्या आहेत, सुनंदा क्षत्रिय कुळातली आणि मुरा वृषलाची मुलगी. एक तपस्वी घरी येतो, त्याचे पाय धुतलेले पाणी राजा दोघींवर शिंपडतो. नऊ थेंब सुनंदेच्या मस्तकावर पडतात, एक मुरेच्या. पण तो एक ती नम्रपणे मस्तक लववून घेते. सुनंदेस मांसाचा गोळा होतो, राक्षस अमात्य त्याचे नऊ भाग करून तेलात ठेवतो, तेच नवनंद. मुरेस मौर्य हा पुत्र होतो, त्याचे शंभर पुत्र, आणि त्यांत श्रेष्ठ तो चंद्रगुप्त. येथे मुरा ही आई नसून आजी आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. पुढे नंद मौर्यास त्याच्या पुत्रांसह भुयारात कोंडतात. त्यातून एकटा चंद्रगुप्त वाचतो. सिंहलच्या राजाकडून पिंजऱ्यात घातलेला मेणाचा सिंह येतो, पिंजरा न उघडता त्यास बाहेर काढावयाचे असते, आणि चंद्रगुप्त तापलेल्या लोखंडी सळईने तो वितळवून काढतो.

तो पिंजरा वाचकांनी मनात जपून ठेवावा. पुढे त्याची गाठ पडणार आहे.

ढुंढिराजाची ही टीका छापून सर्वत्र पोचविली ती न्या. काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी. त्यांचे संपादन मुंबई संस्कृत ग्रंथमालेत १८८४ मध्ये निघाले. कचेरीचे काम संभाळून विद्याव्यासंग करता येत नाही, अशी तक्रार करणाऱ्या आमच्या अधिकारी मित्रांनी तेलंगांचे हे एक पुस्तक टेबलावर ठेवावे. त्यानंतर वीसएक वर्षांत हरिभाऊंची मुरादेवी अवतरली. १९११ मध्ये बंगालीत द्विजेंद्रलाल राय यांनी आपल्या 'चंद्रगुप्त' नाटकात तिला आणले. आणि अलीकडच्या चित्रवाणी मालिकांतूनही ती चंद्रगुप्ताची माता म्हणूनच घरोघर आली. हरिभाऊंच्या पदरी एक मोठे श्रेय मात्र टाकले पाहिजे. टीकाकाराने मुरेचे हीन कुळ हे वस्तुस्थिती म्हणून मांडले होते. हरिभाऊंनी ते दरबारी चुगली म्हणून मांडले. एका जुन्या शब्दात अडकलेल्या स्त्रीला त्यांनी फिर्यादीचा हक्क दिला. इतिहास म्हणून ते खरे नाही, पण ज्या कथेवर ते रचले तीही खरी नव्हती. आणि दोन खोट्यांत निवड करावयाची तर आम्ही हरिभाऊंच्या बाजूने उभे राहू.

आता तंजावरास मराठी राज्य आले कोठून? बंगळुराहून. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. जयराम पिंड्ये याचा 'राधामाधवविलासचंपू' याच दरबारातला. इतिहासाचार्य राजवाडे यांनी तो १९२२ मध्ये प्रसिद्ध केला. शहाजीराजांच्या मागे बंगळूर व्यंकोजीराजांकडे राहिले आणि १६७५ च्या सुमारास ते तेथूनच तंजावरावर गेले. ज्या दरबारात मुरेची कथा सजली, त्याचे मूळ पाणी असे या पठारावरचे आहे. बंगळुरास बदलून आलेल्या मराठी माणसास आपण परक्या मुलखात आलो असे वाटते. या गावाची मराठी कागदांशी साडेतीनशे वर्षांहून अधिक जुनी ओळख आहे, हे त्यास कोणी सांगत नाही.

याच पठाराच्या दक्षिण कडेला, बंगळुरापासून सुमारे ३६ किलोमीटरांवर आनेकल आहे. कानडीत या नावाचा अर्थ गार, आकाशातून पडते ती. सुगटूरच्या गौड घराण्याने सतराव्या शतकाच्या आरंभी हे ठाणे वसविले. टेकडीवर तिम्मरायाचे देऊळ आहे, काही अंतरावर मुत्याल मडुवूचा धबधबा आहे, आणि तालुक्याच्या उत्तर टोकास इलेक्ट्रॉनिक सिटीच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत. आमच्या परिचयाची मंडळी धबधब्याकडे जाताना या गावातून मोटारी हाकतात, पण तेथे उतरत नाहीत. १७६० च्या ऑगस्टात एक घोडेस्वार मात्र येथे उतरला होता, आणि तो येथे सुखरूप उतरला म्हणूनच म्हैसूरचा पुढचा चाळीस वर्षांचा इतिहास घडला. तो स्वार म्हणजे हैदरअली.

हे प्रकरण कर्नल मार्क विल्क्स याने १८१० ते १८१७ या काळात निघालेल्या आपल्या दक्षिण हिंदुस्थानच्या इतिहासात सविस्तर दिले आहे. विल्क्स म्हैसूरचा रेसिडेंट होता आणि जुनी माणसे अद्याप हयात असताना त्याने चौकशी केली, म्हणून त्याच्या सांगण्यास वजन आहे. त्याची गोष्ट अशी. हैदर दिंडिगलास फौजदार होता तेव्हापासून त्याचा हिशेब खंडेराव नावाचा ब्राह्मण पाहत असे. नावावरून तो देशावरचा वाटतो. हिशेब तो कसा पाहत असे याचा मासला विल्क्सने दिला आहे: एका चकमकीत खरे जखमी ६७ झाले असता, हळदीच्या पट्ट्या बांधून सुमारे ७०० माणसे तपासनिसापुढे निजविण्यात आली आणि औषधपाण्याची रक्कम त्या मानाने वसूल झाली. लेखापरीक्षा खात्यातील आमच्या स्नेह्यांनी हे वाचून उसासा टाकला तर नवल नाही. असा हा खंडेराव हैदराबरोबर चढत गेला आणि श्रीरंगपट्टणास त्याचा दिवाण झाला.

राजे दुसरे कृष्णराज हे नावाचे राजे होते. सत्ता होती दळवाई नंजराजाकडे, आणि त्यास दूर करण्यास वाड्यातील वृद्ध राणीने हैदर व खंडेराव यांची मदत घेतली. नंजराज गेला, पण दळवाई जाऊन हैदर आला, एवढाच पालट झाला. तेव्हा राणीने दुसऱ्यांदा विचार केला, आणि या वेळी तिने खंडेरावासच हैदराविरुद्ध फोडले. वेळ अचूक निवडली होती. हैदराची मुख्य फौज मखदुमअलीबरोबर फ्रेंचांच्या मदतीस पुदुच्चेरीकडे गेलेली, आणि विसाजी कृष्णाची मराठी फौज हाकेच्या अंतरावर. १२ ऑगस्ट १७६० च्या सकाळी श्रीरंगपट्टणच्या किल्ल्यावरील तोफा अचानक हैदराच्या छावणीवर चालू झाल्या. त्याने खंडेरावास बोलावणे पाठविले, तेव्हा त्या तोफा खंडेरावच चालवीत असल्याचे त्यास कळले!

त्या रात्री बायकापोरे मागे टाकून, थोडे स्वार आणि नेता येईल तेवढा पैसा घेऊन हैदर कावेरीपार झाला. तो थेट बंगळुरास गेला नाही. तेथला किल्लेदार कोणाचा, याची खात्री नव्हती. तो आनेकलास आला, कारण तेथे त्याचा मेहुणा इस्माइलअली ठाण्यावर होता. मेहुण्यास त्याने पुढे बंगळुराकडे पाठविले; किल्ला आपलाच आहे असे कळल्यावर मगच स्वतः निघाला. पहिले ७५ मैल त्याने एकाच घोड्यावर काटले आणि २० तासांत बंगळूर गाठले, असे विल्क्स लिहितो. कारस्थानात राणीने राजधानी जिंकली होती, सैन्य जिंकले होते. एक आनेकल तेवढे राहून गेले.

यापुढे जे झाले ते वाचताना 'मुद्राराक्षस' ज्यांस पाठ आहे ते दचकल्यावाचून राहणार नाहीत. मराठी फौज बारामहालाचा वायदा आणि रोख ३ लाख घेऊन परतली. उत्तरेत पानिपताचे दिवस जवळ आले होते. १७६१ मध्ये नंजनगूडजवळ खंडेरावाने हैदरास पुन्हा मात दिली. हैदर मग ज्याला आपणच घालविले त्या नंजराजाच्या दारी जाऊन पाया पडला आणि त्याच्याकडून त्याचे नाव व शिक्का मिळविला. खंडेरावाच्या सरदारांस उद्देशून पत्रे लिहिली गेली: ठरल्याप्रमाणे खंडेरावास धरून स्वाधीन करावे, कबूल केलेले बक्षीस मिळेल. वर नंजराजाची मुद्रा. पत्रे नेणारा खंडेरावाच्याच हाती पडेल अशी तजवीज केली होती. खंडेरावाने ती वाचली, आपले सारे सैन्य फितले असे मानले आणि घोड्यावर बसून तो श्रीरंगपट्टणास पळाला. निर्नायक फौज हैदराने कट्टे मळलवाडीजवळ धुळीस मिळविली.

चाणक्याने केले तेही हेच. राक्षसाची अंगठी त्याच्या हाती लागते, शकटदासाकडून एक बिननावाचे पत्र लिहवून त्यावर ती उमटविली जाते, ते पत्र मलयकेतूच्या छावणीत 'पकडले' जाते, आणि तो मूर्ख राजपुत्र आपल्या पाच मित्रराजांचा घात करून राक्षसास हाकलून देतो. हैदरास अक्षरओळख नव्हती, तेव्हा विशाखदत्त त्याने वाचला असण्याचा प्रश्नच येत नाही. पंडितांनी मात्र 'मुद्राराक्षसा'तील डाव फार कृत्रिम वाटतो असे म्हणताना मळलवाडीची आठवण ठेवावी. भेद एवढाच, की चाणक्याच्या पत्राच्या शेवटी राक्षसास अमात्यपद मिळाले.

खंडेरावास काय म्हणावे? ज्याचे अन्न खाल्ले त्यावर उलटला म्हणून त्यास कृतघ्न म्हणणारे पुष्कळ आहेत. पण हैदर हा राज्याचा नोकर आणि खंडेराव त्याचा दिवाण; राज्य राजाचे होते, आणि राजाच्या घरच्या वडीलधाऱ्या स्त्रीने साद घातली होती. वरिष्ठाची आज्ञा आणि वरिष्ठाच्याही वरच्या धन्याची आज्ञा यांत विरोध आला, तर नोकराने कोणाचे ऐकावे? आमच्या वाचकांपैकी ज्यांनी परमुलखात खुर्ची संभाळली आहे त्यांस हा प्रश्न ग्रंथातला वाटणार नाही. खंडेरावाच्या हळदीच्या पट्ट्या आम्ही विसरलो नाही. तो साधू नव्हता. तरी शेवटच्या निवडीत तो राक्षस अमात्याच्या पंक्तीस बसतो, असे आम्हांस वाटते.

आणि ती राणी? विल्क्स तिला 'वृद्ध राणी' म्हणून संबोधतो आणि पुढे जातो. म्हैसूरच्या वंशावळीत पहिल्या कृष्णराजाच्या पट्टराणीचे नाव देवाजम्मण्णी असे येते. दत्तक घेतलेल्या राजांच्या मागे बसून दोन वेळा सत्ता उलथू पाहणारी ती हीच. मुरेचे नाव मराठी मुलेसुद्धा जाणतात आणि ती कधी झालीच नाही. ही झाली, तोफा तिच्या शब्दावर सुटल्या, आणि तिचे नाव बंगळुरास आयुष्य काढलेल्या मराठी माणसासही ठाऊक नसते. हरिभाऊंनी 'म्हैसूरचा वाघ' ही कादंबरी मेडोज टेलरच्या आधाराने लिहिली, ती टिपूवर. त्याच्या बापास एका रात्रीत आनेकलपर्यंत पळविणाऱ्या स्त्रीवर कोणी मराठी कादंबरी लिहिल्याचे आमच्या वाचनात नाही. तिच्याजवळ सूड होता, अपमान होता, फितुरी होती, मुद्राही होती. उणे होते ते एखाद्या ढुंढिराजाचे.

हैदराने श्रीरंगपट्टणास येऊन खंडेरावाची मागणी केली, तेव्हा राजाने आणि वाड्यातील स्त्रियांनी त्याच्या जिवासाठी रदबदली केली. हैदर म्हणाला, मारणार नाही, राघूसारखा पाळीन. त्याने शब्द अक्षरशः पाळला: खंडेरावास लोखंडी पिंजऱ्यात घालून जिवंत असेतो दूधभात दिला. सळई तापवून तो पिंजरा रिता करणारा कोणी चंद्रगुप्त आला नाही. रदबदली करणाऱ्या स्त्रियांची नावे विल्क्स देत नाही. तो लिहितो, वाड्यातील स्त्रिया.